सरासरी नाक कुणाचेच नसते

माणसाच्या कवटीत नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांच्या हाडांत, कपाळाच्या हाडात, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि त्याच्याही मागे, मेंदूच्या तळाशी. या पोकळ्यांना आपण सरसकट सायनस म्हणतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत त्या आखीवरेखीव आणि डावी-उजवीकडे सारख्या दिसतात; खऱ्या डोक्यात तशा क्वचितच असतात. गालातला मॅक्सिलरी सायनस प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटरचा असतो असे विद्यार्थी पाठ करतात, पण मोजायला बसले की कुणाचा ५ मिलिलिटरही भरत नाही आणि कुणाचा ३० च्या पुढे जातो. कपाळातला फ्रंटल सायनस जन्माच्या वेळी क्ष-किरणात दिसतच नाही. तो शाळेच्या वयात कपाळात चढू लागतो, विशीच्या सुमारास थांबतो, आणि शंभरातल्या काही जणांत तर तयारच होत नाही. डोळ्यांमधल्या एथमॉइड कप्प्यांची संख्यासुद्धा ठरलेली नाही, एकाच माणसाच्या दोन बाजूंनाही ती जुळत नाही. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमांवरून हे वैविध्य मोजणे हे गेल्या चाळीस वर्षांतले मोलाचे काम आहे, यात शंका नाही. पण त्या मोजणीतून हाती काय आले याचा हिशेब आपण उलटा मांडतो, असे माझे म्हणणे आहे. फरक हाच खरा निष्कर्ष असताना आपण त्यातून सरासरी काढतो, सरासरीला प्रकृती मानतो आणि उरलेल्यांना विकृतीच्या रांगेत उभे करतो.

ही सवय उगाच लागलेली नाही. तिच्यामागे चांगला शास्त्रीय विचार होता. १८९५ मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले तेव्हापासून डॉक्टर सायनसची चित्रे काढत आले, पण साध्या क्ष-किरण चित्रात चेहऱ्याची सगळी हाडे एकमेकांवर पडतात. गालातली पोकळी काळी दिसली तर हवा, पांढरी दिसली तर पू किंवा सूज, एवढाच त्यातून बोध व्हायचा. त्या काळचे उपचारही तितकेच ठोकळेबाज होते: नाकाच्या भिंतीला खालच्या अंगाने भोक पाडायचे, म्हणजे पू आपोआप खाली वाहून जाईल. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून वर्षानुवर्षे पाहून दाखवले की असे होत नाही. मॅक्सिलरी सायनस ही एक विचित्र टाकी आहे. तिची तोटी तळाला नसून वरच्या कडेजवळ असते. आतल्या त्वचेवरची सूक्ष्म लव सगळा स्राव चढणीला ढकलत त्या नैसर्गिक तोंडाकडे नेते, आणि तळाला नवे भोक पाडले तरी तो बहुतांशी त्याच्या बाजूने निघून जुन्याच वाटेने जातो. म्हणजे दुखणे पोकळीत असले तरी कळीची जागा म्हणजे नाकाच्या मधल्या भागातली काही मिलिमीटरची अरुंद गल्ली. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी निघाला, आणि १९८० च्या दशकात बाल्टिमोरचे डेव्हिड केनेडी आणि त्यांचे रेडिओलॉजिस्ट सहकारी झिनरिच यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि समोरून घेतलेले सीटीचे काप यांची जोडी जमवली. मग ती गल्ली अरुंद करणारी प्रत्येक गोष्ट शोधण्याचा धडाका सुरू झाला. नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या मधल्या हाडी उंचवट्यात, म्हणजे मधल्या टर्बिनेटमध्ये, हवा शिरली आहे का, नाकाचा पडदा कुठल्या बाजूला झुकला आहे, डोळ्याच्या खोबणीखाली जादा कप्पा आहे का, याच्या याद्या तयार झाल्या आणि त्या याद्यांनाच शरीररचनेचे 'दोष' म्हणण्याचा प्रघात पडला.

या याद्यांतले आकडे जरा जवळून पाहिले की पहिली अडचण ध्यानात येते. मधल्या टर्बिनेटमध्ये हवेचा कप्पा असणे याला काँका बुलोसा म्हणतात. तो किती लोकांत असतो? प्रसिद्ध अभ्यासांतली उत्तरे सुमारे १४ टक्क्यांपासून ५३ टक्क्यांपर्यंत पसरली आहेत. माणसांच्या नाकांत देशागणिक एवढा फरक असेल असे वाटून घेण्याआधी व्याख्या पाहावी. बोल्जर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये २०२ सीटी तपासून निम्म्याहून जास्त आकडा दिला, कारण टर्बिनेटच्या वरच्या उभ्या पातळ पत्र्यात शिरलेली थोडीशी हवाही त्यांनी मोजली. ज्यांनी फक्त फुगलेला खालचा भाग धरला, त्यांचा आकडा आपसूक निम्म्यावर आला. पडद्याच्या वाकडेपणाचेही तेच. एक मिलिमीटर झुकाव धरला तर बहुतेक सगळी मानवजात वाकडी ठरते, आणि श्वास अडण्याइतका झुकावच धरायचा म्हटले तर संख्या एकदम आटते. यापेक्षाही बोलके उदाहरण म्हणजे ओनोडीचा कप्पा. हंगेरियन शास्त्रज्ञ ओनोडीच्या नावाचा हा एथमॉइडचा मागचा कप्पा सर्वांत मागच्या स्फिनॉइड सायनसच्या वर सरकतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूला जाऊन भिडतो. १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात मृतदेहांच्या त्याच सायनसांवर आधी सीटी केला आणि नंतर दुर्बिणीतून विच्छेदन केले. सीटीवर तो कप्पा ७ टक्क्यांत दिसला, विच्छेदनात ३९ टक्क्यांत सापडला. एकच डोके, एकच कप्पा, आणि दोन आकड्यांत पाचपटीहून अधिक अंतर. माझ्या मते या विषयातला कुठलाही टक्केवारीचा तक्ता वाचण्याआधी विद्यार्थ्याला ही एक जोडी दाखवावी.

अडचण व्याख्येत आहे तशी यंत्रातही आहे. सीटीची प्रतिमा व्हॉक्सेल नावाच्या चिमुकल्या घनांची बनलेली असते. सायनसच्या चांगल्या सीटीत त्या घनाची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर. सायनसच्या काही भिंती मात्र ०.२ मिलिमीटरपेक्षा पातळ असतात. अशा घनात थोडे हाड आणि पुष्कळ हवा एकत्र येते, यंत्र दोहोंची सरासरी लिहिते, आणि पडद्यावर भिंत कधी विरळ दिसते, कधी दिसतच नाही. स्फिनॉइडच्या भिंतीवर मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते. तिच्यावरचे हाड 'नाही' असे अहवालात लिहिले जाते तेव्हा ते खरोखर नाही, की यंत्राच्या चाळणीतून निसटले, हे सांगणे कठीण असते. आकारमान मोजतानाही कुठल्या करड्या छटेपर्यंत हवा आणि कुठून पुढे त्वचा, ही रेघ माणसाला किंवा सॉफ्टवेअरला आखावी लागते. शिवाय जिवंत नाक स्थिर नसते. दोन्ही बाजूंच्या टर्बिनेटची त्वचा काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगते आणि ओसरते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक आहे. सकाळी काढलेल्या सीटीत उजवी बाजू 'अरुंद' आली म्हणून दुपारीही ती तशीच असेल असे नाही. हाडाचे माप टिकाऊ आणि त्वचेचे माप त्या वेळेपुरते. एकाच तक्त्यात दोन्ही शेजारी शेजारी छापली की वाचणाऱ्याला हा भेद कळत नाही.

मापातली ढिलाई सुधारता येईल. त्याहून मोठी चूक अर्थ लावण्यात आहे. नॉर्वेच्या एका जिल्ह्यात आरोग्यपाहणीत भाग घेतलेल्या सुमारे हजार प्रौढांचे डोक्याचे एमआरआय काढले होते. ते सायनसचे रुग्ण म्हणून आलेले नव्हते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांच्या सायनसमध्ये काही ना काही सूज, गाठ किंवा पाणी दिसले. सीटीवर सायनसला गुण देण्याची लंड-मॅके नावाची पद्धत आहे, त्यात २४ पैकी शून्य म्हणजे स्वच्छ. दुसऱ्याच कारणासाठी सीटी काढलेल्या लोकांचे गुण २००१ मध्ये मोजले, तर ते सरासरी चारच्या वर निघाले. म्हणजे कसलीही तक्रार नसलेल्या माणसाचे सायनसही शून्याला नसतात. हाडांच्या रचनेबद्दलही हेच. टर्बिनेटमधली हवा, वाकडा पडदा, जादा कप्पे हे सायनसच्या जुनाट आजाराचे कारण आहेत असा सरसकट पुरावा नाही, असेच युरोपीय तज्ज्ञांच्या ईपॉस या मार्गदर्शक दस्तऐवजाने २०१२ मध्ये नोंदवले. तरीही आपल्याकडे गावोगावच्या दवाखान्यांत 'नाकाचं हाड वाढलंय' हे वाक्य निदान म्हणून सांगितले जाते आणि रुग्णही ते निदान म्हणून घरी घेऊन जातो. सीटीच्या अहवालात पाच-सहा 'व्हेरिएशन' छापून आल्या की डोकेदुखीचे खापर फोडायला जागा मिळते. डोकेदुखी अर्धशिशीची असू शकते, हा विचार मग मागे पडतो.

यावर कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाचा आक्षेप येईल, आणि तो अगदी रास्त आहे: हे सगळे फरक निरुपद्रवी म्हणून सोडून दिले तर ऑपरेशन करायचे कसे? नाकाच्या छतातली एक खाच घ्या. वास घेणारे मज्जातंतू तिथून मेंदूकडे जातात. झाग्रेबचे शरीररचनाशास्त्रज्ञ केरोस यांनी १९६२ मध्ये तिच्या खोलीचे तीन प्रकार पाडले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७, आणि ८ ते १६. खाच जितकी खोल तितकी तिची बाजूची कागदी भिंत नाकात उघडी, आणि उपकरण तिच्यातून मेंदूच्या आवरणात जाण्याचा धोका मोठा. हे माप ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाहिले नाही, तर तो निष्काळजीपणाच. पण या उदाहरणात काय उपयोगी पडते ते पाहा. बहुतेक अभ्यासांत मधला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, ही माहिती टेबलावरच्या रुग्णाच्या काहीच कामाची नाही. त्याची डावी खाच ३ मिलिमीटर आणि उजवी ७ असेल तर सरासरी ५ निघते, आणि ती कुठल्याच बाजूची नसते. शल्यविशारदाला हवा असतो या एका माणसाचा, या एका बाजूचा नकाशा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत होता. सडलेला भाग काढताना डोळ्याची आणि मेंदूची सीमा कुठे आहे हे त्या काळी रोज प्रतिमांवरच ठरत होते. तिथे मोजणीने जीव वाचवले. म्हणजे हा आक्षेप मोजणीच्या बाजूचा आहे; सरासरीच्या बाजूचा नाही.

न्यायवैद्यकातही हेच दिसते. फ्रंटल सायनसची वरची कमानदार, कातरलेली कड प्रत्येकात वेगळी असते, एकसारख्या जुळ्यांतही ती तंतोतंत जुळत नाही. तिच्यावरून मृतदेहाची ओळख पटवता येईल असे शुलर यांनी १९२१ मध्ये सुचवले, आणि १९२७ मध्ये कल्बर्ट आणि लॉ यांनी जिवंतपणीचे आणि मृत्यूनंतरचे क्ष-किरण चित्र ताडून तशी ओळख पटवल्याचे अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे न्यायालये विचारू लागली की 'दिसायला सारखे' म्हणजे किती सारखे. तेव्हा अँजी ख्रिस्टन्सन यांनी २००५ मध्ये पाचशेहून अधिक चित्रांतल्या कडा गणिती सूत्रात बसवून दोन भिन्न माणसांच्या कडांतले अंतर मोजले. हे सगळे शास्त्र फरकावरच उभे आहे. सगळे सायनस सरासरीच्या जवळ असते, तर त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता.

सरासरीशिवाय विज्ञान चालत नाही, असे कुणी म्हणेल. औषधाचा फवारा नाकात कुठवर पोचतो हे तपासायला काहीतरी प्रमाण नाक लागतेच. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ३० सीटी एकत्र करून असे एक प्रमाण नाक घडवले; प्रयोगशाळांना आपले निकाल एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी ते सोयीचे आहे, आणि तेवढ्यापुरते ते मला मान्य आहे. पण सायनसच्या बाबतीत सरासरी काढण्यात एक मूलभूत घोळ आहे. मांडीच्या हाडांची सरासरी काढता येते, कारण एकाचे वरचे टोक दुसऱ्याच्या वरच्या टोकाशी जुळवता येते. एकाला एथमॉइडचे सात कप्पे आणि दुसऱ्याला अकरा असतील तर कुठला कुठल्याशी जुळवायचा? ज्याला फ्रंटल सायनसच नाही, त्याचा आकडा शून्य धरायचा की त्याला यादीतून वगळायचे? या दोन निर्णयांनी सरासरी बदलते, आणि शोधनिबंधांत हा निर्णय पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेला असतो. २०१६ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी फ्रंटल कप्प्यांची एक सामायिक वर्गवारी ठरवली, तीही कप्पा कुठे आहे आणि तो निचऱ्याची वाट कुठल्या बाजूला ढकलतो यावर आधारलेली. आकारापेक्षा नाते मोजण्याची ही दिशा मला योग्य वाटते.

नीट मोजले तर जुना समज कसा कोसळतो, याचा नमुना निअँडरथल माणसाने दिला आहे. त्याचे सायनस प्रचंड होते आणि ते हिमयुगाच्या थंडीसाठी होते, असे कित्येक दशके पुस्तकांतून छापले जात होते. रे, कोपे आणि स्ट्रिंगर यांनी २०११ मध्ये क्ष-किरण आणि सीटीवर मोजून पाहिले, चेहऱ्याच्या आकाराच्या प्रमाणात तुलना केली, आणि ते सायनस अवाढव्य नसल्याचे दाखवले. जपानी माकडांत तर थंड प्रदेशाकडे जावे तसा सायनस लहान होतो. मोजणीचा चुकीचा अर्थ मात्र किती दूर नेऊ शकतो, हे आपल्या देशाने नाकावरच अनुभवले आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, हा नासिकांक घेऊन १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद तितकी जात खालची. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तेच आकडे प्रांतवार लावून पाहिले तेव्हा ही उतरंड बहुतेक ठिकाणी जुळेना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात घुर्यांची मोजमापे वापरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंश असल्याचा दावा टिकत नाही. रिस्लेची पट्टी खोटी नव्हती. गटाच्या सरासरीला गटाचा स्वभाव मानणे आणि गटाच्या पोटातला प्रचंड फैलाव झाकणे, ही त्याची खोट. आज भारतीय, चिनी, युरोपीय सायनसची तुलना करणारे निबंध भराभर येतात. त्यांचा हेतू रिस्लेसारखा नाही, पण एकाच शहरातल्या एकाच रुग्णालयात सीटीसाठी आलेले शे-दोनशे रुग्ण म्हणजे 'भारतीय लोकसंख्या', असे शीर्षकात लिहिण्याची घाई त्यांतही दिसते. रुग्णालयात सायनसचा सीटी काढायला निरोगी माणूस येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे सोडवील, अशी आशा ऐकू येते. संगणक हजारो सीटी काही मिनिटांत विभागून आकारमान काढतो, हे खरे आणि ते स्वागतार्ह. पण त्याला शिकवण्यासाठी आधी माणसाने प्रत्येक कापावर सीमारेषा आखून द्याव्या लागतात. दोन रेडिओलॉजिस्ट काँका बुलोसाच्या व्याख्येवर सहमत नसतील तर यंत्र त्यांच्यापैकी एकाची बाजू घेते आणि ती दशांश चिन्हापुढे तीन आकड्यांनी छापते. गोंधळ तसाच राहतो, फक्त तो नेमका दिसू लागतो. त्यापेक्षा यंत्राकडून दुसरे काम घ्यावे: प्रत्येक मापासोबत त्यातली अनिश्चितता आणि फैलाव दाखवणे, म्हणजे या रुग्णाची खाच शंभरातल्या कितव्या जागी बसते ते सांगणे. त्यासाठी मुंबई, नागपूर, पणजीसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अपघात किंवा अन्य कारणांसाठी निघालेले डोक्याचे सीटी ओळख पुसून, रीतसर परवानगीने एकत्र ठेवायला हवेत. त्यात सायनसची तक्रार नसलेली माणसे आपोआप येतील, आणि त्यांच्यावर जादा किरणांचा एक कणही टाकावा लागणार नाही.

रेडिओलॉजिस्टांकडे मागणी साधी आहे: अहवालात ऑपरेशनच्या दृष्टीने धोक्याच्या गोष्टी वेगळ्या लिहाव्यात, बाकीच्या रचनेच्या फरकांसमोर 'तक्रारीशी संबंध असेलच असे नाही' एवढे छापावे. आणि वाचकांपैकी कुणाला पीएनएस (म्हणजे सायनसचा) सीटी काढायला सांगितले असेल किंवा काढून झाला असेल, तर डॉक्टरांना थेट विचारावे की यात दिसलेल्या गोष्टींपैकी कुठली माझ्या त्रासाशी जुळते आणि कुठली नुसती माझी घडण आहे. अहवालाच्या कागदाबरोबर प्रतिमांची सीडीही मागून घ्यावी आणि फायलीत ठेवावी. व्याख्या बदलल्या, वर्गवारी बदलली, डॉक्टर बदलले, तरी त्याच प्रतिमांवर पुन्हा माप घेता येते. अहवालातल्या शब्दांवर घेता येत नाही.